नांगराची बुडी

थांबाबाईंना पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर धक्क्यावरचा कुणीतरी मागाहून ते खास बातमी असल्यासारखं, डोळे मिचकावत सांगणारच. पाणी गुडघ्याला लागलं की बाई मागे फिरतात. आणि तरीही समुद्राच्या तळाशी कोण किती वेळ राहणार, वर आल्यावर पुन्हा कधी उतरणार, हे गेली चौदा वर्षं त्याच ठरवतात. ज्याला हे पटत नाही त्यानं दुसरं दुकान बघावं. दोन जणांनी बघितलंही, आणि महिन्याभरात गोगलगाय होऊन परत आले.

दुकान धक्क्याच्या टोकाला आहे. पुढच्या खोलीत भिंतीवर मुखवटे आणि पायात घालायचे रबरी पंखे टांगलेले. मागच्या खोलीत सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर, तो चालू झाला की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. परसदारी एक नळ आणि पाण्यातले रबरी सूट वाळत घालायची जाड तार. दाराशी फळा, फळ्यावर घड्याळ, फळ्याखाली बाईंचं स्टूल. फळ्यावर ओळीनं नाव, किती खोल, किती वाजता खाली, किती वाजता वर, आणि शेवटच्या रकान्यात लाल खडूनं पुन्हा कधी. त्या लाल आकड्याच्या आधी कुणी पायात पंखे घालायला लागला की बाई मान वर न करता म्हणतात, "थांबा." दिवसातून पन्नासदा म्हणत असतील. मग दुसरं काय नाव पडणार?

या दुकानात येण्याआधी बारा वर्षं त्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात होत्या. चादरी, टॉवेल, आचाऱ्यांचे कोट. नवऱ्याला समुद्राचं वेड. त्यानं साठवलेलं सगळं या दुकानात घातलं, तेव्हा बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. मग एक दिवस तो प्लास्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता घेऊन घरी आला. बुडी किती खोल, किती वेळ, आणि दोन बुड्यांच्या मध्ये वर किती वेळ बसायचं, याची सगळी कोष्टकं त्यात होती. नवऱ्याचं आणि आकड्यांचं शाळेपासून वाकडं. बाईंनी तो तक्ता मोरीच्या वर खिळ्याला अडकवला आणि भांडी घासता घासता चार दिवसांत पाठ केला. पाचव्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की तुमचं दुकान चालवायला माणूस लागणार आहे आणि तो मी आहे.

नवी गिऱ्हाइकं विचारतात, बसायचं कशाला? आम्हाला तर ठणठणीत वाटतंय. इतर दुकानांत त्यावर सोड्याची बाटली हलवून, बूच उघडून दाखवतात. बाईंना ती बाटली आवडत नाही. फस्सकन फेस आला की लोक टाळ्या वाजवतात आणि सगळं विसरतात. बाई धुलाईघरातलं सांगतात. जाड पँट तारेवर घाला. तासाभरात पाय वाळतात. हात लावाल तर वाळली म्हणाल. पण कमरेची पट्टी दाबून बघा, खिशाची शिवण दाबून बघा. ओली असते. खाली पाण्याच्या दाबानं हवेतला नायट्रोजन तुमच्या अंगात मुरतो, वर आल्यावर रक्तातला लवकर निघतो, सांध्यातला आणि चरबीतला रेंगाळतो. तुम्हाला वाटतं आपण वाळलो, पण शिवणी ओल्याच असतात. तशात पुन्हा घाई केली की त्याचे बुडबुडे होतात, आणि मग ते कुठे जाऊन बसतील ते त्यांची मर्जी. एवढं सांगून बाई बिस्किटांचा डबा पुढे करतात आणि प्रत्येकाला दोन पेले पाणी प्यायला लावतात.

पाणबुडे या मधल्या वेळाला मधली सुट्टी म्हणतात आणि बाईंना मुख्याध्यापिका. बाईंना ते ठाऊक आहे, आणि आतून आवडतंही.

पण या सगळ्या रुबाबाच्या खाली एक ठसठस होती, आणि ती अकरा वर्षं जुनी होती. दुकान सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा दुसरी बुडी मारून वर आला, बोटीत बसला आणि त्याचं जग गरगर फिरायला लागलं. ओकाऱ्या थांबेनात. इस्पितळात नेऊन अंगातले बुडबुडे जिरवणाऱ्या दाबाच्या खोलीत तीन दिवस ठेवलं. तोल हळूहळू परत आला, डावा कान गेला तो गेलाच. त्या दिवशी सगळ्यांनी आधी बघितलं ते फळ्याकडे. बुडी शिकवणाऱ्या एका जाणकारानं तपासलं, डॉक्टरांनी तपासलं. मधली सुट्टी पुरेपूर होती, उलट दहा मिनिटं जास्तच. फळा बरोबर आहे, बाई, कधीकधी होतं असं, नशीब म्हणायचं. सगळे म्हणाले नशीब, मग बाईही म्हणाल्या नशीब. पण त्या दिवसाचं ते गणित त्यांनी त्यानंतर किती वेळा केलं असेल याला गणती नाही. दर वेळी उत्तर बरोबर यायचं आणि दर वेळी त्यांचा त्यावर विश्वास बसायचा नाही. तेव्हापासून तक्ता जे म्हणेल त्यात त्या गुपचूप अर्धा तास वाढवतात. नवरा तेव्हापासून पाण्यात उतरला नाही. मागच्या खोलीत सिलिंडर भरतो आणि उजवा कान पुढे करून बोलतो.

आता जावयाकडे येऊ. बाईंच्या एकुलत्या एक मुलीनं दुकानातल्या सगळ्यात चांगल्या पाणबुड्याशी लग्न केलं, आणि बाईंची अगदी पंचाईत झाली. घरी तो जावई. त्याला "अहो, घ्या ना अजून थोडं" म्हणून वाढायचं, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. धक्क्यावर तो पाणबुड्या. त्याच्या नावापुढे लाल खडू ओढायचा. बाईंनी यातून वाट काढली होती, ती अशी की धक्क्यावरही त्या त्याला अहोजाहोच करायच्या, पण थांबवायच्या मात्र सगळ्यांच्या आधी. माणूस सोन्यासारखा. पाण्यात घाबरलेल्या माणसाचा हात त्यानं धरला की तो माणूस दोन श्वासांत शांत व्हायचा. खोड एकच, जमिनीवर त्याच्या पायाला भिंगरी. बसणं म्हणून ठाऊक नाही. आठ महिन्यांची मुलगी आहे त्याला, तिलासुद्धा तो चालता चालताच झोपवतो.

त्या दिवशी त्याची परीक्षा होती. शिकवणाऱ्यांना शिकवण्याचा परवाना मिळाला की मोठ्या प्रशिक्षण केंद्रात त्याची जागा पक्की होती. राहायला दोन खोल्या, आणि मोसम असो नसो, बारा महिने काम. बाईंच्या मुलीनं मनातल्या मनात तिथले पडदेसुद्धा शिवून टाकले होते. परीक्षक बाहेरून एका दिवसासाठी आलेला. किडकिडीत, कमी बोलणारा, काखेत फाईल. प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून काहीच लिहायचा नाही, म्हणजे समोरच्याला घाम फुटायचाच. चार वाजता त्याची गाडी होती. पुढची परीक्षा पुढच्या वर्षी, आणि केंद्रातली जागा काही वर्षभर वाट बघत बसणार नव्हती.

सकाळच्या दोन बुड्या झाल्या. पहिली चोवीस मीटर, दुसरी अठरा. दुसरीतून सगळे दहा चाळीसला वर आले. तिसरी सगळ्यात महत्त्वाची होती. अठरा मीटरवर दोन शिकाऊंना उतरवायचं, त्यातल्या एकानं बेशुद्ध पडल्याचं सोंग करायचं आणि जावयानं दोघांना सांभाळून वर आणायचं. बाईंनी लाल खडूनं दीड लिहिला. परीक्षकानं तो आकडा बघितला, खिशातला आपला तक्ता काढला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तक्त्यापेक्षा अर्धा तास जास्त आहे, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, पाणी कुठे पळून जात नाही.

मधल्या सुट्टीत परीक्षक दुकानात बसून लिहीत होता. बोटवाल्याला एका कुटुंबाला खाडीच्या तोंडाशी वरवर पोहायला न्यायचं होतं. जावयाला बसवत नव्हतंच. मी जरा हात द्यायला जातो, म्हणून सूट चढवून तोही बोटीत चढला. बोटीवरच राहायचं आहे, म्हटल्यावर बाईंनी हरकत घेतली नाही. साडेबाराला बोट परत आली.

एकला दहा कमी असताना बाई पेले विसळायला परसदारी गेल्या. तारेवर चार सूट होते. बारा वर्षं धुलाईघरात काढलेल्या बाईचा हात वाळत घातलेल्या कपड्यापाशी गेला की त्याला विचारावं लागत नाही, तो आपोआप लागतो. पहिला सूट वरून कोरडा, शिवणीत दमट. दुसरा तसाच, तिसराही. चौथा जावयाचा. त्याच्या पायातून थेंब गळत होते आणि खाली फरशीवर चांगलं तळं साचलं होतं. बोटीवर पाणी उडालं असेल, बाईंनी स्वतःला समजावलं. मग त्यांनी सूट उलटा केला. आतूनही ओलागच्च. त्यांनी ओलं बोट जिभेला लावलं. बुडी झाली की प्रत्येक सूट गोड्या पाण्यात बुचकळून मगच तारेवर घालायचा, हा बाईंचाच नियम. हे पाणी खारट होतं.

बोटवाला धक्क्यावर दोरी गुंडाळत होता. बाईंनी आडून आडून विचारलं नाही, त्यांना ते जमत नाही. जावई पाण्यात उतरले होते का, एवढंच विचारलं. बोटवाल्यानं दोरीकडे बघत सांगितलं की नांगर अडकला होता, खडकाच्या फटीत. वर ओढून निघेना. बोटीत लहान पोरं, वारा वाढलेला. जावयानं सिलिंडर पाठीला लावला, खाली गेला, नांगर मोकळा केला, वर आला. दोन मिनिटं. तीसुद्धा नसतील. किती खोल? असेल वीसेक. किती वाजता? बारा पाच झाले असतील. आणि मनगटावरचं यंत्र, जे बुडी मोजतं, ते? ते त्यांच्या सामानाच्या टोपलीत होतं. नांगरासाठी कोण यंत्र लावतं?

"बाई, तुम्ही उगाच मनावर घेताय," बोटवाला म्हणाला. "नांगराची बुडी बुडीत धरत नाहीत."

हे वाक्य बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पण ते ज्या सहजपणे त्याच्या तोंडून आलं त्यावरून त्यांना कळलं की ते धक्क्यावर फार जुनं आहे. त्यांच्या फळ्याहूनही जुनं असेल.

बाईंनी मनातल्या मनात आकडे मांडले. दोन बुड्यांचा नायट्रोजन अंगात, दीड तास होत आलेला, शिवणी सगळ्या ओल्या. त्यात वीस मीटर खाली, हाताशी जड नांगर, जोर लावून, दम लागलेला, आणि तसंच सुसाट वर. अंगात बारीक बुडबुडे असतील तर ते खालच्या दाबानं आणखी बारीक होऊन नको तिथे सरकतात आणि वर येताना फुगतात. मधली सुट्टी मोडली होती, आणि याहून वाईट रीतीनं मोडता आलीच नसती. आणि आता हा माणूस दीड वाजता पुन्हा अठरा मीटरवर जाणार, दोन पोरांचा जीव हातात घेऊन. तिथे त्यालाच भोवळ आली तर सोंग करणारा शिकाऊ त्याला वर आणणार होता की काय?

त्याला जाऊ द्यायचं नाही, हे ठरवायला बाईंना क्षणही लागला नाही. प्रश्न होता तो परीक्षकाला काय सांगायचं हा. खरं सांगितलं तर जावयानं ते लपवलं हेही त्यात आलं, आणि लपवणाऱ्याला कुठला परीक्षक परवाना देईल? मुलीचे ते पडदे बाईंच्या डोळ्यांसमोर आले. त्यापेक्षा सोपी वाट होती. दीड पुसायचा, साडेचार लिहायचा आणि म्हणायचं, माझी बेरीज चुकली हो, वय झालं. परीक्षक चडफडेल, चारला निघून जाईल, पण जावयाच्या नावावर डाग लागणार नाही. कदाचित दुसरी तारीखही देईल. आजवर फळ्यावर एक आकडा खोटा लिहिला नव्हता. पण पोटच्या पोरीच्या संसारापुढे कसला फळा आणि कसलं काय.

एवढं मोठं खोटं बोलण्याआधी कुणाच्या तरी कानावर घालावं म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या. कॉम्प्रेसर बंद केला. नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. सूट, खारं पाणी, नांगर, आणि आता मी काय बोलणार आहे ते. तो हातातलं फडकं सिलिंडरच्या तोंडावरून फिरवत राहिला.

"मीही सोडवला होता," तो म्हणाला.

"काय?"

"नांगर. त्या दिवशी. दोन बुड्यांच्या मध्ये."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि त्या भरलेल्या सिलिंडरांच्या रांगेवर हात टेकून उभ्या राहिल्या. तो खालच्या आवाजात सांगत गेला. पहिले दोन दिवस त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण नांगराची बुडी कुणी धरतच नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, मध्ये आणखी कुठे उतरला होतात का? तेव्हा आठवलं. पण तोवर सगळे म्हणत होते की फळा बरोबर होता, नशीब खोटं. नांगरापायी कान घालवला हे सांगायची लाज वाटली. नाही म्हणून गेला. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि वर्षानंतर असली गोष्ट कुठून सुरू करायची ते त्याला कळेना.

"मी अजून ते गणित करते," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं करतेय मी ते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "भांडी घासताना तुझे ओठ हलतात."

जवळच्या फळीवर हातभर लांबीचा पाना होता. बाईंनी तो उचलला नाही हे त्या गृहस्थाच्या पूर्वजांचं पुण्य. रागानं त्यांना रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. याला ठाऊक होतं. हिला रोज काय टोचतंय ते याला दिसत होतं, आणि हा समोर बसून जेवत होता. माणसानं इतकंही गप्प राहू नये. आणि त्याच रागात एक दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि ती त्यांना नवऱ्याच्या गप्प बसण्याहून जास्त झोंबली. चौदा वर्षं या धक्क्यावरून बोटी सुटत होत्या. चौदा वर्षं नांगर अडकत होते आणि सुटतही होते. नांगर काय आपल्या पायांनी चालत वर येतो? त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की तो सोडवायला खाली कोण गेलं. सूट चाचपणाऱ्या, मिनिट मिनिट मोजणाऱ्या बाईंच्या फळ्यावर नांगराला जागाच नव्हती. आणि आता त्या साडेचार लिहून, माझी बेरीज चुकली म्हणून, तो पुन्हा एकदा झाकून ठेवायला निघाल्या होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. जावई ओल्या सुटात एक पाय घालून उभा होता, दोन्ही शिकाऊ कमरपट्टे आवळत होते, परीक्षक दाराशी घड्याळ बघत होता. बाईंनी खडू घेतला आणि जावयाच्या नावाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. नांगर. वीस मीटर. खाली बारा पाच, वर बारा सात. शेवटच्या रकान्यातला दीड पुसून त्यांनी लाल खडूनं लिहिलं, आज नाही.

जावयाचा चेहरा पडला. मग त्यानं टोपलीतून मनगटाचं यंत्र काढून परीक्षकापुढे धरलं. यंत्र दहा चाळीसपासून सलग विश्रांती दाखवत होतं, सगळं हिरवं, उतरायला मोकळं. परीक्षकानं यंत्र बघितलं, फळा बघितला, आणि यंत्राप्रमाणे तर काही अडचण दिसत नाही, असं बाईंना सांगितलं.

"यंत्र टोपलीत होतं," बाई म्हणाल्या. "विश्रांती टोपलीची झाली. टोपलीला खुशाल उतरवा."

एक शिकाऊ फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. परीक्षकानं जावयाकडे वळून विचारलं, उतरला होतात? जावई बाईंकडे बघत राहिला. त्या नजरेत राग होता, विनवणी होती, आणि नाही म्हणून टाकावं हेही होतं. त्यानं नाही म्हटलं असतं तर हातात यंत्र होतं. बाईंकडे होता नुसता एक गळणारा सूट, तोही आता त्याच्या अंगावर निम्मा चढला होता. आणि बोटवाला काही घरच्या माणसाविरुद्ध तोंड उघडणार नव्हता.

त्यानं तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या. आवाज चढवला नाही. त्या परीक्षकाला म्हणाल्या की इथे नांगराची बुडी कुणी मोजत नाही, आणि चौदा वर्षांत मीही कधी विचारलेलं नाही. हे रोजचं आहे. यांच्या आधी माझं नाव लिहून घ्या. परीक्षकानं फाईल उघडली आणि दिवसभरात पहिल्यांदा तो लिहू लागला. लिहून झाल्यावर त्यानं पुन्हा जावयाकडे बघितलं.

"दोनच मिनिटं होती," जावई म्हणाला.

परीक्षकानं फाईल मिटली. नांगर सोडवला म्हणून मी तुम्हाला नापास केलं नसतं, तो म्हणाला, आल्या आल्या सांगितलं असतंत तर मी आजची गाडी सोडून उद्यापर्यंत थांबलो असतो. पण उद्या तुम्ही ज्यांना शिकवाल ते तुमच्याकडून बुडीसोबत हे लपवणंही शिकतील. पुढच्या वर्षी या. एवढं बोलून त्यानं बाईंच्या हातचा चहा घेतला, आणि चारला निघून गेला.

दुपारभर बाईंनी जावयाला फळ्यासमोरच्या बाकावर बसवून ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी जाऊन त्या विचारत होत्या, बोटांना मुंग्या येतात का, खांदा दुखतो का, चक्कर वाटते का. तो मानेनंच नाही म्हणत होता. एकदाही त्यानं बाईंकडे बघितलं नाही, आणि एकदाही तो बाकावरून उठला नाही. तीन तासांनी त्यांनी जा म्हटलं तेव्हा तो उठून गेला. बोटवाला तेवढ्यात ऐकवून गेलाच, घरचं माणूस होतं हो ते, बाई. पट्टी घेऊन बाई फळ्यावर आणखी एक रकाना आखत होत्या. नवऱ्यानं मागून येऊन फळ्याचा डुगडुगणारा पाय धरून ठेवला. त्याच्याशी त्या बोलल्या नाहीत, आणि आणखी बरेच दिवस बोलणार नव्हत्या.

संध्याकाळी, दुकानाला कुलूप लावायच्या आधी, मुलीचा फोन आला. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"आई, तू त्यांचं अख्खं वर्ष घालवलंस."

"हो."

"परक्याच्या समोर, फळ्यावर लिहून. बाजूला घेऊन सांगता आलं नसतं तुला?"

"आलं असतं."

"मग?"

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण ते तिच्या बापाचं होतं, आणि ते त्यानंच तिला सांगायला हवं होतं. फोनच्या पलीकडे, मुलीच्या मागे, नात खिदळत होती. अशी मोकळी खिदळत होती की बाईंना मुलीचे दोन शब्द ऐकूच आले नाहीत.

"काय करतायत ते?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरतायत. माझ्याशी बोलत नाहीत, कुणाशीच बोलत नाहीत. आई, तुला कळतंय का मी काय म्हणतेय?"

"नीट चालतायत ना?"

"म्हणजे? चालतायत. नेहमीसारखे चालतायत. मी काय विचारतेय आणि तू काय विचारतेयस?"

"बोल तू," बाई म्हणाल्या. "सगळं बोल. मी बसलेय."

मुलगी बोलत राहिली. खूप बोलली, काही तर मुलीनं आईला बोलू नये असंही बोलली. बाईंनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला होता, आणि मुलीच्या आवाजामागे त्या जावयाच्या पावलांचा आवाज ऐकत होत्या. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला, मग वळून परत.